हिरीच्या चपला झिजेपर्यंत

शिदूकडून एकदा चपला करून नेल्या की माणूस पुन्हा त्याच्याकडे फिरकत नसे. यात शिदूचा दोष नव्हता. असलाच तर चपलांचा होता. त्या झिजतच नसत.

खंडाळ्याचा घाट चढून वर आलं की शेवटच्या वळणाला, रस्त्यावरून जरा खाली उतरून त्याचं खोपट होतं. कूड कारवीचा, वर पत्रा, आणि वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून पत्र्यावर फुटके टायर मांडून ठेवलेले. दाराशी एक सपाट दगड, दगडावर रापी, शेजारी खिळ्यांचा डबा आणि पाण्याचं घमेलं. रबर कापताना पातं ओलं नसलं तर मध्येच अडून बसतं, हट्टी बैलासारखं, म्हणून ते घमेलं. बाकी माल आयता दारात यायचा. मालट्रक रडतखडत घाट चढायचे, वर येता येता एखाद्याचा टायर फुटायचा. ड्रायव्हर आधी रस्त्याच्या नावानं ओरडायचा, मग मालकाच्या, आणि खाली शिंग्रोबाला नाणं टाकूनही असं झालं म्हणून जरा दबक्या आवाजात देवाच्याही. मग दुसरा टायर चढवायचा आणि फुटका शिदूच्या दिशेनं ढकलून निघून जायचा. घाटात जे गडगडत आलं ते ज्याच्या दारात थांबलं त्याचं, अशी तिथली रीत.

त्या टायरचा तळ, ट्यूबचे पट्टे, खिळे आतून ठोकून वळवलेले. भाताच्या खाचरात घाला, रेल्वेच्या खडीवर घाला, चपलेला काही होत नसे. पायाला होई ते होई.

शिदू मूळचा औंढ्याच्या वरच्या वाडीतला. लोणावळ्याच्या एका गॅरेजात टायर काढायला-चढवायला होता, तिथं हा उद्योग शिकला. भावकीला ते आवडलं नाही. थोरला भाऊ म्हणाला, "चपला करनं आपलं काम न्हाई."

"कातडं न्हाई भाऊ, रबर हाय," शिदू म्हणाला.

थोरल्यानं बराच विचार केला आणि सांगितलं, "पर पायातलंच ना?"

तेव्हापासून वाडीतल्या लग्नकार्याचं बोलावणं शिदूला यायचं बंद झालं. आणि गंमत बघा, त्या लग्नकार्यात नाचणारे निम्मे पाय शिदूच्याच चपलांतले. बाजारातून दुसऱ्याकरवी नेलेल्या, एवढंच.

बायकोचं नाव बाया. ती पोर लहान असतानाच तापानं गेली. पोरीचं नाव हिरी. बापलेकीनं खोपटात दिवस काढले, मग हिरीचं लग्न झालं आणि शिदू एकटा उरला. एकट्या माणसाला काहीतरी छंद लागतो. शिदूला पावलं वाचायचा लागला. दर टायरची नक्षी वेगळी, आणि कुणाला कोणत्या टायरची चप्पल दिली ते त्याच्या ध्यानात पक्कं. सकाळी नळावर पाणी आणायला गेला की खालच्या चिखलाकडे बघत उभा राहायचा. ही नागमोडी रेघ म्हणजे रेल्वेचा धोंडिबा, आज लवकर गेला. हे चौकटीचौकटीचं पाऊल बंगल्यावरच्या लीलाबाईचं, एक पाय जड पडलाय, गुडघा धरला असणार पुन्हा. माणसं भेटायची नाहीत, त्यांची पावलं भेटायची. पावलांना काही विचारता येत नाही, पण ती तोंड फिरवून निघूनही जात नाहीत.

एवढ्या पावलांत हिरीचं पाऊल मात्र कधी नसायचं.

हिरीला दिली होती पवनेच्या खोऱ्यात. लग्न झालं तेव्हा सासरची जमीन नदीकाठची होती. पुढं धरण झालं, चांगली जमीन पाण्याखाली गेली आणि सासरची माणसं पवनानगरच्या वरच्या अंगाला, उघड्या मुरमावर राहायला आली. समोर डोळे फाटतील एवढं पाणी, आणि प्यायचा हंडा चढण चढून डोक्यावर आणायचा. सासू चिमाबाई वाईट नव्हती. हिशेबी होती. तिचं म्हणणं सरळ होतं.

"म्हायेरला जायाचं तर आईसाटी जायाचं, न्हाई तर भावासाटी. हिला आई न्हाई, भाऊ न्हाई, वैनी न्हाई. तितं जाऊन चूल कोन फुकनार? हीच ना? मग हितली चूल काय वाईट हाय?"

सणाला लेकीला न्यायला मुराळी यावा लागतो. भाऊ नाही तर चुलतभाऊ तरी. भावकीनं शिदूला वाळीत टाकल्यासारखं केलेलं, मग चुलतभाऊ कुठला यायला? शिदूनं स्वतः जावं तर लेकीला मूल होईतो बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये ही रीत. एकदा गेला होता. चढण चढून घसा वाळला होता, हिरीनं तांब्या भरून आणला आणि मग दोघांनाही आठवलं. ती तांब्या धरून उभी, हा हात मागं बांधून उभा. चिमाबाई आतून म्हणाली, "इवाई, बसा की." शिदू बसला नाही. पुन्हा गेलाही नाही. हिरीला मूल झालं नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शिदूची स्वतःची जीभ. लग्नात, मांडवात, सगळ्यांसमोर, लेकीच्या पायात नवी जोडी घालून तो चिमाबाईला म्हणाला होता, "इहीणबाई, माझ्या हातची चप्पल हाय. ही झिजली तर पोरीला माझ्याकडं धाडा, म्या दुसरी करून देईन."

"बरं झालं बोलला," चिमाबाई म्हणाली. "चप्पल झिजली की धाडते."

चिमाबाई शब्दाची पक्की. चप्पल झिजली असती तर तिनं खरंच धाडलं असतं. पण शिदूनं लेकीसाठी निवडलेला टायर होता सोळा टनी मालट्रकचा, आणि त्यातही मधला, सगळ्यात जाड भाग.

नथू लोणावळा ते पवनानगर जीप चालवायचा. माणसं कोंबून, टपावर कोंबड्या बांधून. त्याची गाठ पडली की शिदू ठरलेलं विचारायचा.

"नथू, आमची हिरी दिसली का रं?"

"दिसली की आबा. हंडा घेऊन चढण चढत हुती."

"पायात काय हुतं?"

"तुमच्याच चपला. दुसरं काय असनार? म्या त्येवढ्यात जीपचे टायर दोनदा बदलले, पर तिची चप्पल हाय तशी. काय घालता आबा त्यात?"

दुसरा कुणी कारागीर असता तर छाती फुगवून फिरला असता. शिदू मान खाली घालायचा आणि रापीला धार लावत बसायचा.

अशी सहा वर्षं गेली.

मग त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल, दसरा झाला आणि एका रविवारी पोलिसांनी सकाळपुरता घाट बंद केला. मुंबईच्या कुठल्याशा मोटार क्लबानं शर्यत ठेवली होती. खालून गाडी सोडायची, एका वेळी एकच, आणि ती घाटमाथ्याला किती वेळात पोचते ते घड्याळावर बघायचं. मद्रास, कलकत्ता, मुंबई, सगळीकडचे पहिल्या नंबरचे शर्यतवाले आले होते. पण गाडीवाल्यांपेक्षा चुरस होती ती टायरवाल्यांची. निम्म्या गाड्यांना एका कंपनीचे टायर, निम्म्यांना दुसऱ्या. एकीची माणसं पिवळ्या टोप्यांत, दुसरीची निळ्या. लोकांनी कंपन्यांची नावं विचारलीच नाहीत. पिवळेवाले आणि निळेवाले म्हटलं की काम भागायचं. ज्याची गाडी पहिली येईल त्याच्या टायरचं नाव देशभर गाजणार आणि मालट्रकवाल्यापासून सायकलवाल्यापर्यंत सगळे तोच टायर मागणार, असं नथू सांगत होता. नथूला सगळं माहीत असायचं, खोटं असलं तरी.

दोन्ही कंपन्यांनी आपापले टेम्पो शिदूच्या खोपटाच्या वर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत लावले आणि मध्ये ताडपत्रीचे पडदे बांधले, बाळंतिणीला आडोसा करावा तसे. एकाचा टायर दुसऱ्याला दिसायला नको. काढलेला टायर लगेच पोत्यात गुंडाळून टेम्पोत. तरीही पडद्याच्या फटीतून नथूनं बघितलंच.

"आबा, काय सांगू! कंपनीचे कोरे करकरीत टायर, आन् गोटा! नक्षीची एक रेघ न्हाई. माझे आसे झाले म्हनून मागल्या म्हैन्यात पोलिसानं धरलं मला. आन् हे हौसेनं तसेच घेऊन आल्यात!"

शिदू दगडावर बसून बघत होता. गाडी वर यायच्या आधी तिचा आवाज यायचा, दरीतून, डोंगराडोंगरावर आपटत. मग ती एकदम दिसायची आणि नाहीशी व्हायची. दुपार व्हायच्या आत धुकं खाली उतरलं, बारीक शिंतोडे आले आणि दोन्ही पडद्यांआड एकच धावपळ उडाली. गोटे टायर काढा, नक्षीवाले चढवा. माणसं ओरडत होती, टायर गडगडत होते, पिवळ्या टोपीवर निळ्या टोपीचा पाय पडत होता. शेवटी पिवळेवाले जिंकले असं कळलं. निळेवाले म्हणत होते, घड्याळ चुकलं.

संध्याकाळपर्यंत सगळे गेले. ताडपत्र्या गेल्या, पोलीस गेले. मालट्रक पुन्हा रडत चढू लागले. एवढ्या माणसांनंतर ती जागा इतकी मोकळी वाटली, की शिदूनं त्या रात्री एकट्यासाठी भाकरी थापली नाही. चहावर झोपला.

दुसऱ्या दिवशी खोपटामागच्या कारवीत त्याला तो टायर सापडला. रुंद, काळाभोर, गोटा, कडेवर पिवळेवाल्यांचा पिवळा शिक्का. धावपळीत निसटून गडगडत आलेला. शिदूनं तो दारात आणला, त्यावरून हात फिरवला. उभ्या आयुष्यात एवढं मऊशार रबर त्याच्या हाताला लागलं नव्हतं. साऱ्या देशात पहिला आलेला टायर! मालट्रकचा टायर माल ओढतो, हा तर वाऱ्यासारखा पळतो. म्हणजे किती चिवट असेल! शिदूनं रापी ओली केली आणि लावली, तर ती लोण्यातून जावी तशी गेली. पाणी लागलंसुद्धा नाही. तिथंच माणसानं थांबावं की नाही? हाताखालून हजार टायर गेलेला माणूस तो. पण भारी वस्तूपुढं कुणाचंही डोकं जरा बावळट होतं. शिदूला वाटलं, चांगला माल कापायलासुद्धा चांगला.

पहिली जोडी त्यानं हिरीसाठी केली. दिवाळी जवळ आली होती. एवढ्या वर्षांत लेकीला सणाला काही धाडलं नव्हतं, आणि घाटात असला टायर पुन्हा थोडाच गडगडत येणार! पट्ट्यांना लाल ट्यूब लावली, टाचेला टाके घातले. मग दार कधीचं लोंबत होतं म्हणून हातभर लांब दोन पट्ट्या कापून बिजागऱ्यांच्या जागी ठोकल्या. उरलेल्याच्या चपला करून ओळीनं खिळ्याला टांगल्या.

नथू आल्यावर हिरीची जोडी त्याच्या हातात दिली.

"सांग, आबानं दिवाळीची धाडली. साऱ्या देशात पयला आलेल्या गाडीचा टायर हाय म्हनावं. ह्यो आता जल्मभर झिजत न्हाई."

नथू हसला, जीप वळली, आणि ती वळणाआड गेल्यावर शिदूच्या तोंडातलं वाक्य त्याच्याच कानांवर आलं. जन्मभर झिजत नाही. तो रस्त्यातच उभा राहिला. आधीची जोडी सहा वर्षं टिकली होती, पण निदान तळाच्या कडा गोल व्हायला लागल्या होत्या, नथूनंच मागं सांगितलं होतं. आणखी दोन-तीन वर्षांत चिमाबाईला शब्द पाळावा लागला असता. आणि आता यानंच, आपल्या हातानं, लाल पट्टे लावून, लेकीची वाट बुजवून टाकली होती. मागून येणाऱ्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा कुठं तो बाजूला झाला.

दोन दिवसांनी निळ्या टोपीचा एक मद्रासी साहेब शर्यतीचं मागं राहिलेलं सामान शोधत आला. खिळ्याला टांगलेल्या चपला बघून तो थबकला. एक चप्पल काढून नाकाशी धरली, वास घेतला, अंगठ्याचं नख रोवून बघितलं. आणि एवढा हसला की शिदूला वाटलं, याला चप्पल नाही, लॉटरी लागली.

"ये सब देना," साहेब म्हणाला. "सब."

शिदू चपला काढतो न काढतो तोच वर दुसरी गाडी थांबली. पिवळ्या टोपीचे शरच्चंद्र साहेब, पुण्याचे, धापा टाकत उतरले. त्यांचा एक टायर मोजणीत कमी भरला होता आणि ते सगळा घाट पालथा घालत आले होते.

"हात लावू नका त्याला! ते आमचं रबर आहे."

मद्रासी साहेब शांतपणे म्हणाला, "रबर नहीं. चप्पल है."

"चप्पल आमच्या टायरची आहे!"

"टायर किधर है? मुझे तो चप्पल दिखता है. मेरा चप्पल टूट गया, मैं नया खरीदता है." आणि आपल्या चकचकीत बुटाकडे त्यानं दुःखानं बघितलं.

पुढं जे झालं ते शिदूनं आयुष्यात बघितलं नव्हतं. दोन सुटाबुटातले साहेब टायरच्या चपलांसाठी एकमेकांच्या वर बोली करत होते. ज्या चपला बाजारात उन्हात मांडून बसलं तरी बाया घासाघीस करून नेतात, त्या.

"सायेब, भांडू नगा," शिदू मध्ये पडला. "एकेक जोड घ्या. पाय दोघांस्नीबी हाईत."

शेवटी माल मुळात आमचा, यावर शरच्चंद्र साहेब अडून बसले आणि मद्रासी साहेब नखात अडकलेला रबराचा कण रुमालात नीट पुसून घेऊन, हसत निघून गेला. पिवळेवाले रबरात काय घालतात ते ओळखायला त्याला तेवढं पुरलं असावं. शरच्चंद्र साहेबांनी मग सगळे तळ जमिनीवर गोल मांडले, टायर पुन्हा जुळवल्यासारखे. गोल पुरा होईना. मध्ये फट राहिली.

"यातला काही भाग कमी आहे."

"एक जोड लेकीला धाडली, सायेब. दिवाळीची." बिजागऱ्यांचं शिदूला त्या क्षणी आठवलंच नाही, आणि साहेबांची पाठ दाराकडे होती.

"ती मागवून घ्या. बदल्यात कोरा मालट्रकचा टायर देतो तुम्हाला. न फुटलेला."

"लेकीला दिल्याली चप्पल माघारी मागायची? न्हाई सायेब, त्ये न्हाई व्हायाचं."

साहेब चिडले होते, पण माणूस भला होता. तळ गोळा करता करता म्हणाले, "अहो बाबा, तुमच्या भल्याचंच सांगतोय. त्या चपला टिकायच्या नाहीत. हे रबर मुद्दाम मऊ केलेलं असतं, रस्त्याला चिकटून राहावं म्हणून. एक घाट चढला की याचं काम संपलं. पुन्हा वापरायचं नसतंच. आमची सगळी मारामारी त्या मऊपणासाठी आहे. टिकण्यासाठी कोण शर्यत लावतो?"

"म्हंजे... झिजतं?"

"झिजतं? बघता बघता झिजतं!"

साहेब गेले. शिदू दगडावर बसला. पहिली लाज वाटली, अंगभर. शिदूच्या हातची चप्पल, आणि झिजणार! तीही लेकीच्या पायातली, मुरमाच्या चढणीवर, डोक्यावर हंडा असताना. उद्याच मालट्रकच्या टायरची जोडी करावी, नथूबरोबर धाडावी, पहिली माघारी आणावी, असं त्यानं ठरवलं. रापी उचलली. टायर पुढ्यात ओढला. पातं ओलं केलं.

आणि तसाच बसून राहिला. घमेल्यातलं पाणी वाऱ्यानं हलायचं थांबलं तरी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नथू भेटला. "आबा, काय निरोप हाय का हिरीला?"

"न्हाई," शिदू म्हणाला. "कायबी न्हाई."

दिवाळी गेली. भात झोडून झालं. थंडी पडली आणि सकाळी घाटातून वाफेसारखं धुकं वर येऊ लागलं. शिदू आता नथूला पायात काय होतं ते विचारत नसे. भीती वाटायची. झिजत आल्यात म्हणाला तर लाज, आणि आहेत तशा म्हणाला तर मग बोलायलाच नको. एक गोष्ट नथूनंच न विचारता सांगितली होती, की हिरीच्या जुन्या चपला चिमाबाईनं स्वतःच्या पायात घातल्या. "आजून लय जीव हाय त्यात, म्हनाली. टाकायच्या कशाला?" म्हणजे हिरीकडे आता ती लाल पट्ट्याचीच जोडी. शिदू नळावर जायचा, पावलं बघायचा. धोंडिबा. लीलाबाई. पुन्हा धोंडिबा. मग घरी येऊन एक भाकरी करायचा, कधी दोन, आणि दुसरी सकाळी शिळी खायचा.

शिमगा तोंडावर आला होता. वाटेवर बोटभर धूळ झाली होती. शिदू नळावरून हंडा घेऊन येत होता आणि खोपटाकडे उतरणाऱ्या वाटेवर त्याला एक पाऊल दिसलं. त्याला नक्षी नव्हती. अनवाणी म्हणावं तर बोटं नव्हती. सपाट, गोटा, चपलेचं पाऊल. फक्त अंगठ्याच्या जागी, तळाला भोक पडून, खरा अंगठा उमटला होता.

शिदूनं हंडा खाली ठेवला. लगेच पुढं जाववेना. त्यानं ते पाऊल बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं, त्याच्या पुढचं. सगळी खोपटाकडे जात होती. एकही माघारी वळलेलं नव्हतं.

"आबा!" आतून आवाज आला. "पिठाचा डबा कुटं ठेवतोस? आन् ही शिळी भाकर कवाची?"

हिरी वाळली होती, पण आवाज तिच्या आईचा, बायाचा होता, हुबेहूब. चुलीत जाळ घालता घालता ती बोलतच होती.

"सासू म्हनाली, तुजा बाप म्हातारा झाला, हाताला गुन राहिला न्हाई. सा म्हैनेबी टिकली न्हाई चप्पल. जा, बदलून आन. शब्द हाय त्याचा."

"तुझं पाय दुखलं असतील, पोरी. म्या सांगाया पायजे हुतं. मला ठावं झालं हुतं की त्ये रबर टिकनार न्हाई. म्या... म्या सांगितलं न्हाई."

हिरीनं फुंकणी खाली ठेवली.

"आबा, ती पयली जोडी हुती ना, मालट्रकची. ती म्या रोज घासायची."

"कशावर?"

"पान्याच्या वाटंवर मोठा खडक हाय. हंडा भरायच्या आदी बसायची आन् घासायची. पाटा घासावा तशी. सा वर्सं घासली. मेली झिजंचना! खडकाला खोबन पडली, चपलेला काय झालं न्हाई. हात दुखायचं, मग तुला शिव्या घालायची." ती हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले, धुराचे का कशाचे कोण जाणे. "कशाला रं येवढी चांगली केलीस?"

शिदूनं भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या. मग तिसरी.

हिरी चार दिवस राहिली. खोपट सारवलं, बापाचा सदरा शिवला, नळावर जाऊन लीलाबाईशी गप्पा मारून आली. निघायच्या आदल्या दिवशी शिदूनं मालट्रकचा चांगला टायर पुढ्यात ओढला.

"त्यो नगं," हिरी म्हणाली. "त्याच टायरची करून दे."

"त्यो संपला. कंपनीवाल्यानं नेला सगळा."

"मग ह्ये काय हाय?" तिनं दाराच्या बिजागरीवर बोट ठेवलं आणि नख रोवलं. खूण उमटली.

शिदूनं दाराकडे बघितलं. उन्हापावसात तेवढं एकच दार होतं त्याला. त्यानं पक्कड घेतली, खिळे उपटले, दार उचलून कुडाला टेकवून ठेवलं. रापी लावली. पाणी लागलं नाही.

चिमाबाईनं पुढं साऱ्या खोऱ्यात सांगितलं, की शिदूच्या हाताचा गुण गेला, त्याच्या चपला आता घेण्यात अर्थ नाही. पवनानगरच्या बाजारातून त्याचं नाव उठलं. नथू एकदा तावातावानं म्हणाला, "आबा, म्या त्यांस्नी सांगतो खरी गोस्ट काय ती. आसलं नाव घालवून घ्यायाचं का उगीच?"

"नगं सांगू," शिदू म्हणाला. "बिघडलाच हाय माल. लोक काय खोटं बोलत न्हाईत."

हिरी गेली त्या दिवशीची पावलं वाटेवरच्या धुळीत बरेच दिवस राहिली, दोन्ही बाजूंची. येताना भोक पडलेली, जाताना नवी, दोन्ही गोटा. दार नसल्यामुळं ती आता खोपटात बसल्याबसल्या दिसायची. सकाळी हंडा घेऊन नळावर जाताना शिदू वाट सोडून कडेच्या गवतातून जायचा, म्हणजे त्यांच्यावर पाय पडत नसे.